बोटं वाचवायचं किट मागवलं, त्यातली कामाची निघाली एक वाकडी तार (गोधडी शिवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू)

पाचपैकी अडीच स्टार देतेय, आणि ते अडीचसुद्धा जवळजवळ सगळे त्या तारेचे. तिच्याकडे येते नंतर, आधी हे किट मागवायची वेळ का आली ते सांगते म्हणजे बाकीचं कळेल.

मी काही टेलर नाही. बँकेतून रिटायर झाले, घरात आईच्या आणि सासूबाईंच्या नऊवारीची दोन गाठोडी पडून होती, त्यांचं करायचं काय म्हणून गोधड्या शिवायला लागले आणि आता सहा वर्षं झाली, भाचीचं बाळ, शेजारणीची नात, ज्याच्या घरी पाळणा हलेल त्याला आमच्याकडून गोधडी. ठिगळं मशीनवर जोडते आणि वरचा धावदोरा हातानेच घालते, कारण मशीनचा टाका असलेली गोधडी मला चादरीसारखी वाटते. म्हणजे बोटांना दोन्हीकडून धोका, मशीनची सुई वेगळी टोचते आणि हातातली वेगळी.

मशीन आईचं, काळं, पायडलचं. त्याला मुलाने मोटर बसवून दिली, मला गुडघ्याचा त्रास म्हणून. प्रेमाने केलं त्याने, पण एक गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. पायाने चालवायचे तेव्हा कापड जाड आलं की ते आधी पायालाच कळायचं, पायडल जड व्हायचं आणि मी आपोआप थांबून चाक हाताने फिरवायचे. मोटरचं तसं नाही. जाड आलं की ती नुसती घुं घुं करत अडते, आपण म्हणतो चालत का नाही आणि पाय अजून दाबतो, मग ती अडलेली सुई एकदाची सुटते ती एकदम फुल स्पीडमध्ये. मागच्या श्रावणात इरकलीचे दोन काठ एकावर एक आले होते, त्यात आत जुन्या धोतराचे पदर, आणि मशीनला सुई १४ नंबरची, जी अशा जाडीला लावायलाच नको होती, १६ नाहीतर १८ हवी. काठ चपटा बसावा म्हणून डाव्या हाताची तर्जनी मी अगदी फुटाच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाच्या, तोंडाशी धरली होती. अडलं, दाबलं, सुटलं.

दुखलं नाही आधी. टक् असा आवाज आला आणि बोट उचलायला गेले तर उचलेना, तेव्हा कळलं की सुई नखातून खाली गेलीय आणि बोट मशीनच्या पट्टीला खिळलंय. नख सुईच्या भोवती पांढरं पडलं होतं, रक्ताचा एक थेंब नाही. घरच्या मशीनचा वेग मिनिटाला ८०० टाके धरला तरी सेकंदाला १३ होतात, म्हणजे "अगं बाई" म्हणेपर्यंत अजून चारपाच बसले असते, माझं नशीब की पाय दचकून उचलला गेला. हे बाहेर पेपर वाचत होते, मी हाक मारली, अहो, आधी बटन बंद करा. ते आले, बघितलं, आणि म्हणाले, ओढू का? मी जे ओरडले ते खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पण ऐकलं. ओढायचं नाही, कोणीच ओढायचं नाही. आधी करंट बंद, मग चाक हाताने सावकाश आपल्याकडे फिरवायचं, सुई वर आली की फूट उचलायचा, मग बोट. सुई वर आली खरी, पण अर्धीच. टोक नव्हतं.

पुढचा प्रकार मला खालच्या काकूंच्या सुनेने शिकवला, ती पूर्वी रेडिमेड कपड्यांच्या कंपनीत लाइनवर होती. तिथे सुई मोडली की सगळे तुकडे शोधून, जुळवून, टेप लावून रजिस्टरला चिकटवल्याशिवाय नवी सुई मिळत नाही, कारण तुकडा लहान मुलांच्या फ्रॉकमध्ये गेला तर पुढे कोणाला लागेल सांगता येत नाही. तिने शांतपणे एक कोरा कागद घेतला, त्यावर १४ नंबरची नवी सुई ठेवली आणि शेजारी माझ्या मोडक्या सुईचे सापडलेले दोन तुकडे मांडले. टोकाचा तांदळाच्या कणीएवढा भाग कमी पडला. तो कागद तसाच घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी एक्सरे काढला, धातू असल्यामुळे स्वच्छ दिसला, हाडाला न लागता कडेला बसला होता. बोटाच्या बुडाशी इंजेक्शन देऊन बोट बधिर केलं आणि काढला, मागोमाग दोऱ्याचा इवलासा लाल तुकडा पण निघाला. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं विचारलं तर मला आठवेना, मग तेही दिलं. डॉक्टर म्हणाले की कोर्स पूर्ण झालेला असला तरी स्वच्छ जखमेला १० वर्षं आणि घाण जखमेला ५ वर्षं, एवढं लक्षात ठेवा, आठवत नसेल तर घेऊन टाका.

तर या सगळ्यानंतर मुलाने रात्री बसून ऑनलाइन शोधून हे किट मागवलं, ६४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसंही त्याच फोटोचं तेच किट चार वेगळ्या नावांनी दिसतं. डब्यात धातूची दोन अंगुस्तानं (सुई रेटताना बोटात घालायची टोपी), सिलिकॉनची तीन टोपणं, चिकटवायचे चामड्याचे गोल तुकडे, एक जोडी हातमोजे, आणि मशीनला लावायचा फिंगर गार्ड. सात महिने वापरून लिहितेय, उघडल्या दिवशी पाच स्टार देणाऱ्यांतली मी नाही.

अंगुस्तानाने सगळ्यात जास्त निराशा केली. दिसायला चकचकीत, सोनेरी, पण त्यावरचे खड्डे नुसते शोभेचे, पत्र्यावर छापल्यासारखे. अंगुस्तानाचं काम काय असतं, तर सुईचं नेढं त्या खड्ड्यात अडकून राहिलं पाहिजे आणि मग बोटाने रेटायचं. गोधडीचे पाच थर, त्यात आम्ही एका वेळी सुईवर चारपाच टाके भरतो, म्हणजे शेवटचा रेटा चांगलाच जोराचा. खड्डा उथळ असला की नेढं घसरतं, आणि घसरून जातं कुठे, तर थेट नखाखाली. माझं दोनदा गेलं. सुईच्या टोकाने टोचलं तर कळ येते आणि संपतं, पण नेढ्याची बाजू नखाखाली गेली की त्याचं ठसठसणं तीन दिवस पुरतं. दुसरं म्हणजे साइज. 'फ्री साइज' लिहिलंय, आता बोटाला फ्री साइज कसली? एक माझ्या मधल्या बोटात घट्ट, दुसरं इतकं सैल की हात खाली केला की टणकन फरशीवर. उन्हाळ्यात पुण्यात बोटं फुगतात तेव्हा तर घट्टवालं काढायला साबण लावावा लागला.

शेवटी मी रविवार पेठेत गेले, शिवणाचं सामान मिळतं त्या भागात, आणि एका जुन्या दुकानात अंगुस्तान मागितलं. थिंबल म्हणाले असते तर बहुतेक काउंटरवरच्या पोऱ्याने तेच सोनेरी दिलं असतं, अंगुस्तान म्हटल्यावर आतून आजोबा उठून आले. म्हणाले, मावशी, बोट दाखवा. पितळी, वरून बंद, खड्डे असे खोल की नखाने जाणवतात, तीनचार घालून बघायला लावली आणि म्हणाले हात लोंबता सोडून झटका, पडलं नाही आणि बोट निळं पडलं नाही तर ते तुमचं. ४० रुपये. टेलर लोकांचं अंगुस्तान वरून उघडं, अंगठीसारखं असतं, कारण ते बोटाच्या कडेने सुई रेटतात, मला ती सवय नाही. त्यांनी तेही दाखवलं, माझी रेटायची पद्धत बघितली आणि आपणच परत ठेवून दिलं. किट नंतर घ्या किंवा घेऊच नका, आधी असा एखादा दुकानदार शोधा.

आमच्या सासूबाईंकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांनी जुन्या चपलेच्या पट्ट्याचा तुकडा सुतळीने मधल्या बोटाला बांधलेला असायचा, काळा पडलेला, आणि सुई ओढायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. किटमधले चामड्याचे गोल तुकडे म्हणजे तीच कल्पना, फक्त वीस टाक्यांत गळून पडणारी. घामाला गोंद टिकत नाही, विषय संपला.

सिलिकॉनची टोपणं रेटायला अजिबात घेऊ नका. मऊ आहेत, नेढं आरपार येतं, मी बघितलंय आरपार आलेलं. पण सुई पलीकडून ओढताना पकड चांगली बसते, पाच थरांतून सुई बाहेर येताना बोटं घसरतात ना, तिथे उपयोग आहे. मात्र त्यासाठी पैसे कशाला, बँकेत कॅशवर असताना नोटा मोजायला आम्ही जी रबरी टोपी घालायचो ती स्टेशनरीच्या दुकानात मिळते, ती यापेक्षा बरी चालते आणि तिला हवेची भोकं पण असतात.

आता हातमोजे. यावर मी जरा चिडून लिहिणार आहे, कारण जाहिरातीत मोजे घातलेला हात मशीनच्या सुईजवळ दाखवलाय. हे मोजे कटप्रूफ म्हणून विकतात आणि कापण्यापुरते ते ठीक आहेत. मोज्याच्या मनगटाजवळ ढालीत हातोडी असं चिन्ह असतं, ईएन ३८८ (हातमोज्यांचं युरोपातलं मानक) लिहिलेलं, खाली चार आकडे, पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. आता हा चौथा आकडा बघून वाटतं की सुईला पण चालेल. पण ती टोचण्याची टेस्ट खिळ्यासारख्या जाड टोकाने करतात, शिवणाच्या सुईने नाही. मोजा विणलेला आहे, सुई दोन धाग्यांच्या मधून सरळ आत जाते, तिला धागा कापायची गरजच पडत नाही. मी मोज्यात बटाटा घालून सुई खुपसून बघितली, बटाट्याला काही फरक पडला नाही. वर मोज्याचं टोक बोटाच्या पुढे अर्धा इंच लोंबतं, ते एकदा फुटाखाली जाऊन गोधडीला शिवलं गेलं. बोट आत नव्हतं म्हणून हसतेय, पण मशीनवर मोजा घालून बसू नका, तो बोट वाचवायच्या ऐवजी ओढून नेईल.

एका ठिकाणी मात्र मोज्याने इमानदारीत काम केलं. माझी नणंद अमेरिकेत असते, ती तिथल्या बायकांबरोबर क्विल्ट शिवते, तिने मला गोल पात्याचं कटर पाठवलंय, पिझ्झा कापायच्या चाकासारखं. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये पहिल्यांदा ही वस्तू काढली, माझं दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं आहे, ४५ मिलिमीटरचं पातं. कापड चार घड्या करून पट्टी ठेवायची आणि चाक फिरवायचं, लोण्यासारखं कापतं, आणि बोट पण तसंच. पट्टी दाबून धरलेल्या हाताचा अंगठा नकळत पट्टीच्या कडेबाहेर येतो, चाक येतं, आणि कातड्याची चकती निघते. कात्रीने असं होत नाही, कात्रीत दोन पाती एकमेकांना भेटावी लागतात, या चाकाला एकट्यालाच पुरतं. माझा अंगठा एकदा थोडक्यात वाचला तेव्हापासून डाव्या हातात मोजा घालूनच कापते, आणि कापून झालं की पातं बंद करून मगच खाली ठेवते, दर वेळी, फोन वाजला तरी. तेव्हा एका मोज्याचे मार्क देते. दुसरा, उजव्या हाताचा, यांनी स्वयंपाकघरात नेलाय. तो उलटा करून डाव्या हातात घालतात आणि विळीवर सुरण चिरतात, खाज पण नाही आणि बोटं पण शाबूत.

आणि आता ती तार. फिंगर गार्ड म्हणजे काय तर सायकलच्या आऱ्याएवढी जाड, चकचकीत तार, यू आकारात वाकवलेली, फूट ज्या स्क्रूने बसवतो त्याच स्क्रूखाली हिचं भोक अडकवायचं, मग ती फुटाच्या समोर छोट्या कुंपणासारखी उभी राहते. बोट सरकत सरकत आलं की आधी तारेला लागतं. एवढंच. फॅक्टरीतल्या मशीनला ही येतेच, काकूंची सून म्हणाली की कंपनीत सगळ्यांच्या मशीनला होती आणि सगळ्यांनी वर वाकवून ठेवलेली असायची, कारण दोरा ओवताना मध्ये येते आणि तासाच्या टार्गेटला सेकंद पण महाग. सुपरवायझर ऑडिटच्या दिवशी खाली करायला सांगायचा. धोकादायक भागांना कुंपण हवं हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम २१ मध्येच होतं म्हणे, पण घरच्या मशीनला कुठला इन्स्पेक्टर येतोय.

माझ्या मशीनला ती बसवायला त्रास झाला हे पण लिहिते. किटमधला स्क्रू आखूड, फूट आणि गार्ड दोन्ही धरेना. मशीन रिपेअरवाले काका आले, त्यांनी त्यांच्या डब्यातला लांब स्क्रू टाकला, २० रुपये घेतले, आणि तार पकडीने थोडी वर वाकवली, कारण मुळात ती साध्या कापडाच्या उंचीची होती, गोधडीचे थर तिच्याखालून जाईनात. खूप वर वाकवली तर बोट खालून जातं, म्हणून काकांनी माझीच करंगळी तिथे घालून माप घेतलं, थर गेले पाहिजेत, करंगळी अडली पाहिजे. हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही. दोरा ओवायला त्रास होतोच, मी आता चिमट्याने ओवते. सात महिन्यांत तारेला बोट किती वेळा लागलं मोजलं नाही पण लागलं, आणि दर वेळी पोटात गोळा आला, कारण तार नसती तर ते बोट कुठे गेलं असतं हे मला माहितीय.

तार काय अडवत नाही तेही सांगते. टाचणीवरून शिवलं की सुई टाचणीला आपटून मोडते आणि तुकडा उडतो, तो तोंडाकडे येतो. चष्मा आहे म्हणून मी निवांत असते, ज्यांना नाही त्यांनी टाचण्या आधी काढाव्यात, मला आळस येतो पण काढते. आणि नंबराचा घोळ, जो माझा स्वतःचा झालेला आहे. मशीनच्या सुईचा नंबर मोठा तेवढी सुई जाड, हाताच्या सुईचं बरोबर उलटं, नंबर मोठा तेवढी बारीक. मी हाताची सुई जाड हवी म्हणून मोठा नंबर मागून आणला, ती गोधडीत वाकली, आणि वाकलेली सुई रेटली की कुठून बाहेर येईल याचा नेम नाही.

गोधडीच्या खाली असतो त्या हाताचं मात्र या किटमध्ये काहीच नाही, आणि खरं सांगायचं तर बाजारातही मला मिळालं नाही. डाव्या हाताची तर्जनी खालून सुईचं टोक लागतंय का ते बघत असते, टोक लागलं की सुई परत वर. म्हणजे प्रत्येक टाक्याला बोटाला थोडं टोचून घ्यावंच लागतं, त्याशिवाय टाका खालच्या थरापर्यंत गेला की नाही कळणार कसं? धातू घातला तर कळत नाही, सिलिकॉन घातलं तर कळत नाही. सासूबाईंच्या त्या बोटाला घट्टा पडला होता, त्यावर काळे बारीक ठिपके, खसखस शिंपडल्यासारखे. मी डॉक्टरी कागदी पट्टीचा एकच वेढा घालते, टोक कळतं पण रक्त येत नाही, रोज नवीन लावायची. माझ्या बहिणीला शुगर आहे, तिला बोटाला मुंग्या असल्यामुळे टोचलेलं कळतच नाही, पांढऱ्या कापडावर लाल ठिपके दिसले की कळतं. तिला मी हाताची सुई सोडायला लावलीय, ठिगळं कापून देते ती आता.

रक्ताच्या डागाचं विचारणार असाल तर ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. दोऱ्याचा तुकडा तोंडात धरून ओला करायचा आणि त्याने टिपायचं, डाग ताजा असेल तर जातो, नाहीतर गार पाणी. गरम पाणी चुकूनही नाही, पक्का बसतो.

किट परत करायची दहा दिवसांची मुदत मी बोट बांधून बसले होते त्यातच संपली. विकणाऱ्याला लिहिलं की स्क्रू आखूड आहे आणि जाहिरातीतला मोज्याचा फोटो काढा, त्यांनी उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि पाच स्टार द्यायची विनंती केली. फिंगर गार्ड सुट्टा १०० रुपयांच्या आत मिळतो, रिपेअरवाल्या काकांकडे होता, मला माहीत नव्हतं. तो घ्या, पितळी अंगुस्तान घ्या, आणि कटर वापरत असाल तरच मोजे. आमच्या मशीनच्या मोटरचं पायडल मुलाने बदलून दिलंय, नवीन हळूहळू वाढतं, एकदम उडी मारत नाही, त्याचा रिव्ह्यू वापरून झाला की लिहीन. ती इरकलीवाली गोधडी भाचीकडे पोचली, कोपऱ्यात एक जास्तीचं लाल ठिगळ आहे, ते डिझाइन आहे असंच सांगितलंय.